अठरा हजार ठोके

मी एक जुना, तोंड झिजलेला नंबर पंच आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी सज्जन नाही. सज्जन वस्तू आपली कहाणी सांगताना सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. फाटकी छत्री माफ करते, मोडकी खुर्ची माफ करते. मी पोलादाचा आहे. ज्याने मला चोराचं हत्यार म्हटलं, त्याला मी विसरलो नाही. त्याची जिरली त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

नंबर पंच तुमच्यापैकी फार जणांनी पाहिला नसेल. बोटभर लांबीची चौकोनी पोलादी कांडी असते. एका टोकाला आकडा उलटा कोरलेला असतो. ते टोक लोखंडावर टेकवायचं, दुसऱ्या टोकावर हातोडीचा एक ठोका द्यायचा, की आकडा लोखंडात कायमचा बसतो. स्टिकर निघतं, शाई पुसते. आमचा आकडा जात नाही. माझ्या वाट्याला इंग्रजी एक आला. एक उभी रेघ, बस्स.

दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात मला भट्टीत लाल केलं आणि तेलात बुडवलं. तेव्हा मी किंचाळलो होतो. माणसं त्या किंचाळण्याला 'चर्र' म्हणतात. मग माझ्या भावंडांबरोबर मला एका लाकडी पेटीत बसवलं. आमच्या अंगावर एक चिठ्ठी घडी घालून ठेवली होती. तिच्यावर लिहिलं होतं, की साध्या लोखंडावर प्रत्येक पंच पंधरा हजार ठोके टिकेल. मला ते वाचून हसू आलं होतं. पंधरा हजार म्हणजे काय थोडे झाले! इतके दिवस कोण जगतंय, असं वाटलं.

चिंचवडच्या एका दुकानातून आमची पेटी तळवड्याला गेली, रंगरावांच्या शेडमध्ये. रंगराव मूळचे तिथलेच. आज जिथे पत्र्याची शेड आहे तिथे पूर्वी त्यांचीच ज्वारी उभी असायची. शेडमधले आठही कामगार त्यांना आण्णा म्हणत. तिथे पंपाच्या लोखंडी बॉडी तयार होत आणि चाकणच्या एका मोठ्या कंपनीत जात. प्रत्येक बॉडीवर तिचा नंबर हवा. तो मारण्याचं काम ज्योतीरामचं.

ज्योतीराम लातूरकडचा. रुपीनगरात दोन खोल्यांत राहायचा. बोलायला कमी, हाताला पक्का. तो एका आकड्याला एकच ठोका मारायचा. दोनदा मारला की आकड्याला सावली येते, आणि सावलीचा आकडा म्हणजे कारागिराची लाज, असं तो मानायचा. अगदी पहिल्या बॉडीवर नंबर पडला तो एक. म्हणजे शेडमधला पहिला ठोका माझा! त्या दिवशी मी किती फुगलो होतो म्हणून सांगू. पुढे तीन वर्षं रोज पंचवीस-तीस बॉडी ज्योतीरामच्या टेबलावर येत गेल्या. पाहुणे आले की आण्णा त्यांना मुद्दाम तिथे आणायचे आणि म्हणायचे, "बघा, छापल्यागत हाय का न्हाई?" ज्योतीराम मान खाली घालायचा. मी मात्र चमकायचो.

मग माझं तोंड दुखू लागलं. रेघ बारीक होती ती पसरली, बोथट झाली. गणपती उठले आणि त्याच आठवड्यात चाकणहून चाळीस बॉडी परत आल्या. कंपनीने लिहिलं होतं, एक वाचता येत नाही, नुसता जाड डाग दिसतो. तेव्हा शेवटचा नंबर एकोणीस हजार नऊशे नव्व्याण्णव पडला होता. वीस हजाराव्या बॉडीला नारळ फोडायचा असं आण्णांनी ठरवलं होतं. पण त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, ते महिनाभर घरी. शेड बघत होता त्यांचा पुतण्या जयदीप. शिकलेला इंजिनिअर. परत आलेल्या चाळीस बॉडींचं काय सांगायचं, या विचाराने त्याचा जीव वरखाली होत होता. अशा वेळी माणसाला एक मान लागते, दोष टाकायला.

त्याने पेटी उघडली आणि मला नखाने चाचपलं.

"बाकीचे तर ठीक दिसतायत. हा एकटाच कसा मेला?"

"काम लई झालं त्याला, शेठ," ज्योतीराम म्हणाला.

"काम सगळ्यांना सारखंच झालंय." जयदीपने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "हे बघ. सिंपल आहे. एकपासून आजच्या नंबरपर्यंत सगळे मिळून ठोके झाले अठ्ठ्याऐंशी हजार आठशे एकोणनव्वद. आकडे दहा. एकेकाच्या वाट्याला नऊ हजारसुद्धा नाहीत. आणि चिठ्ठी काय म्हणते? पंधरा हजार. मग वरचे सहा हजार ठोके तू कुठं मारलेस?"

"कुठं मारणार शेठ? हितंच मारले."

"बाहेर मारलेस. दुसऱ्याच्या बॉडीवर आपले नंबर. डुप्लिकेट माल!"

मित्रांनो, जयदीपचा भागाकार अगदी बरोबर होता. अठ्ठ्याऐंशी हजार आठशे एकोणनव्वदला दहाने भागलं की तेवढेच येतात. त्याची चूक भागाकाराच्या आधी झाली होती. दहा भाऊ आहेत म्हणून घरातलं काम दहा जणांत सारखंच पडतं, हे त्याला कुणी सांगितलं? तुमच्या घरी तरी पडतं का?

त्याने मला ज्योतीरामच्या अंगावर भिरकावलं. मी त्याच्या नडगीवर आपटून फरशीवर पडलो. "घेऊन जा तुझं चोरीचं हत्यार!" ज्योतीरामने वाकून मला उचललं, फडक्याने पुसलं आणि खिशात घातलं. एवढ्यावर थांबला असता तरी मी कदाचित मनावर घेतलं नसतं. पण जयदीपने ज्योतीरामचा फोटो काढला आणि तळवड्यातल्या शेडमालकांचा जो मोबाईलवरचा ग्रुप आहे, त्यावर टाकला. खाली लिहिलं, 'हा चोर आहे. कामावर ठेवू नये.' त्या ग्रुपवर दीडशे माणसं होती. आण्णांना डोळ्यांमुळे मोबाईल बघायची मनाई होती. त्यांना त्याने सांगितलं, की ज्योतीराम आपणहून काम सोडून गेला.

पुढचे पंधरा दिवस मी ज्योतीरामच्या खिशातून तळवडं पाहिलं. एकेका शेडच्या फाटकाशी आम्ही जायचो. आतून कुणीतरी येऊन त्याच्या तोंडाकडे बघायचं, मग मोबाईलकडे, मग पुन्हा तोंडाकडे. "जागा नाही भाऊ." एकाने तर फोटो त्याच्याच पुढ्यात धरला आणि हसला.  ज्योतीरामने खिशावर बाहेरून हात ठेवला, एवढंच.  मी तेव्हा ठरवलं, जयदीपच्या अंगठ्याच्या नखावर एकदा तरी पडायचं. जोरात. पंचाला दुसरा कुठला सूड सुचणार?

ज्योतीरामच्या मुलीला मात्र सुचला. वर्षाली तिचं नाव. कॉम्प्युटरच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला हे सगळं कळलं तेव्हा आधी ती रडली नाही, भांडली.

"पप्पा, मी त्याला सोडणार नाही. त्याचा फोटो टाकते मी, 'खोटारडा' म्हणून."

"टाक. दीडशे माणसं म्हणतील, चोराची लेक," ज्योतीराम म्हणाला. "शिवी दिल्यानं लोखंडावरला आकडा पुसतोय का?"

 वर्षालीने विचारलं, "त्याने नेमकं काय म्हटलं? शब्दाला शब्द सांगा." ज्योतीरामने सांगितलं. ऐकता ऐकता तिच्या कपाळावरची आठी बदलली. रागाची आठी वेगळी असते, गणिताची वेगळी.

"पप्पा, हा तर आमच्याकडचा प्रश्न आहे! एकपासून अमुक नंबरपर्यंत एक हा अंक किती वेळा येतो. पोरं परीक्षेत याच्यावर डोकं धरून बसतात."

तिने मोबाईलवरच एक छोटा प्रोग्राम लिहिला. मोबाईल एक, दोन, तीन असं करत प्रत्येक नंबर उलगडून बघत गेला, त्यात एक दिसला की खूण करत गेला. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं. अठरा हजार.

अठरा हजार! चिठ्ठीतल्या आयुष्यापेक्षा तीन हजार जास्त. मला वाटलं, आता ही दोघं उठून तळवड्याला धावत जाणार. पण ज्योतीराम जागचा हलला नाही.

"हे तुझ्या मोबाईलला कळलं. मला कळलं का?"

"म्हणजे?"

"जयदीपशेठकडं पण मशीन हाय की. त्याच्या मशीननं मला चोर केलं. तुझ्या मशीननं साव केलं तर लोक कुणाचं मशीन महाग हाय ते बघतील. मला हातानं दाखवता आलं पायजे, माय."

मित्रांनो, या माणसाने मला तीन वर्षं ठोकलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही, ती या वाक्यामुळे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी वर्षालीची आई पिंपळे सौदागरला सोसायटीत पोळ्या करायला गेली होती. वर्षाली खडू घेऊन फरशीवर बसली आणि मला मधोमध उभं केलं.

"सगळ्यात लहानापासून जाऊ. एकच आकडा मारायचा. शून्य ते नऊ. हा किती वेळा उचलाल?"

"एकदा."

तिने फरशीवर एक लिहिला. "आता दोन आकडे. शून्य ते नव्व्याण्णव?"

ज्योतीरामने डोळे मिटले. त्याची बोटं हवेत पंच उचलू लागली. तो आकडेमोड करत नव्हता, काम आठवत होता. "मागचा आकडा शून्य ते नऊ फिरतोय, आणि पुन्हा शून्यावर येतोय. अशा दहा फेऱ्या. दर फेरीला हा एकदा. झाले दहा. आता पुढचा आकडा. दहापासून एकोणीसपर्यंत पुढं हाच. तेव्हा मी ह्याला खाली ठेवतच न्हाई, डाव्या बोटात धरून ठेवतो. ते आणखी दहा. वीस."

"आणि अकराला?"

"अकराला दोन ठोके. एक पुढच्यात धरला, एक मागच्यात. दोन्ही आलेत की."

वर्षालीने वीस लिहिला. "तीन आकडे. नऊशे नव्व्याण्णवपर्यंत."

"तसंच की. मागचे दोन आकडे जेवढे फिरायचे तेवढे फिरत्यात. आत्ता वीस काढले ना? तशा दहा फेऱ्या, दोनशे. आणि शंभरापासून एकशे नव्व्याण्णवपर्यंत पुढं हा बोटात. शंभर ठोके. तीनशे झाले."

वर्षालीचा खडू थांबला. ती वडिलांकडे बघतच राहिली.

"पप्पा, तुम्ही काय केलंत ते कळलं का तुम्हाला? तुम्ही नव्याने मोजलंच नाही! मागचं उत्तर घेतलं, दहाने गुणलं आणि पुढच्या जागेचे वर घातले. आमच्या सरांनी याच्यावर दोन तास घेतले होते. रिकरन्स म्हणतात याला."

"काय का म्हणंनात. पुढं चार आकडे."

"तीनशेच्या दहा फेऱ्या, तीन हजार. वर पुढच्या जागेचे एक हजार. चार हजार."

तिने फरशीवर ओळीने लिहिलं: १, २०, ३००, ४०००. मित्रांनो, तुम्हीही वहीत लिहून बघा. प्रत्येक उत्तर मागच्याच्या खांद्यावर उभं आहे. दहा गुणिले मागचं उत्तर, अधिक पुढच्या जागेचे. पुढच्या जागेचे किती, ते सोपं आहे: दोन आकड्यांना दहा, तिघांना शंभर, चौघांना हजार. पाच आकड्यांचं उत्तर काय येईल ते मी सांगत नाही. तुमचं तुम्ही काढा, म्हणजे ते तुमचं होईल.

वर्षालीने मोबाईलवरचा जुना प्रोग्राम पुसला आणि नवा लिहिला. तो चार-पाच ओळींचाच होता. त्याला चार आकड्यांचं विचारलं की तो स्वतःलाच विचारायचा, तिघांचं किती? तिघांसाठी पुन्हा स्वतःला, दोघांचं किती? असं उतरत उतरत एका आकड्याशी आला की थांबायचा, कारण तिथलं उत्तर पाठ होतं: एक. मग तसाच गुणत, मिळवत वर चढायचा. वीस हजार नंबर उलगडण्याऐवजी चार पायऱ्या.

"आता आपला नंबर," वर्षाली म्हणाली. "नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत चार हजार. पुढे दहा हजारापासून एकोणीस हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत मागचे चार आकडे पुन्हा तसेच फिरतात."

"आणखी चार हजार. आणि पुढं..." ज्योतीरामने मला उचललं आणि डाव्या अंगठ्यात धरलं, जसं शेडमध्ये धरायचा तसं. "पुढं सारा वेळ हाच. दहा हजार ठोके. मी ह्याला वर्ष-दीड वर्ष पेटीत ठेवलाच न्हाई, माय. पार चहाला जाताना सुद्धा हातात राहायचा."

चार, चार आणि दहा. अठरा. फरशीवर ते दिसलं तेव्हा ज्योतीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या तोंडावर त्याने अंगठा फिरवला. इतके दिवस मला माझ्या झिजण्याची लाज वाटत होती.

"आणि बाकीच्यांना?" त्याने विचारलं.

"त्यांना नुसते चार आणि चार. दोनला आठ हजार, तीनला आठ हजार, आठला आठ हजार, नऊच्या पंचाला..."

"नऊचा पंच नसतोय."

"म्हणजे?"

"पेटीत नऊच पंच येत्यात. इंग्रजी सहा उलटा धरला की नऊ होतो. दोन्हीला तोच."

वर्षाली हसली. ते हसू काही चांगलं नव्हतं. मला फार आवडलं. "म्हणजे सहाला सोळा हजार. पंधराच्या वर. पप्पा, तो पण मेलाय?"

"मी कधी निरखून बघितला न्हाई. सहा गोल असतोय, झिजला तरी वाचता येतोय. एक म्हंजे नुसती रेघ, ती लगेच फुगती."

"जयदीपनेही निरखला नसेल." तिने वहीचं पान फाडलं, त्यावर काहीतरी लिहिलं आणि घडी घातली. "आता मला फक्त त्या शेडमध्ये शिरायला मिळू दे. सगळ्यांसमोर."

ती संधी खंडेनवमीने दिली. आपल्या या पट्ट्यात खंडेनवमीला प्रत्येक शेडमध्ये हत्यारांची पूजा होते, हे तुम्हाला माहीत असेल. आण्णांच्या शेडमध्ये एक कडक रिवाज होता. वर्षभर ज्या हत्याराने काम केलं ते पूजेला हजर पाहिजे, मग ते मोडलेलं का असेना. त्या दिवशी आण्णा डोळ्यांवर काळा चष्मा लावून महिन्याने शेडमध्ये आले होते. पुढचं मला सहाने सांगितलं, कारण तो पेटीत होता. लाल कापडावर पाने, हातोड्या, कानशी मांडल्या. आमची पेटी उघडली आणि आण्णांना मधली रिकामी खाच दिसली.

"एक कुठं हाय?"

 लेथ चालवणारा नवनाथ टर्नर, ज्याच्या जिभेला कधीच हाड नव्हतं, तो म्हणाला, "तो चोर निघाला ना, आण्णा. ज्योतीरामसोबत त्याला पण घालवलाय."

"घालवला? जयदीप, तू तर म्हनला सोडून गेला!"

"काका, मी नंतर सांगतो..."

"नंतर न्हाई. चोर आसू का साव, हत्यार पूजेला पायजेल. नवनाथ, गाडी काढ. आन त्याला."

नवनाथ रुपीनगरात आला. ज्योतीराम मला त्याच्या हातावर ठेवू लागला. "घेऊन जा. मी काय येत न्हाई."

वर्षालीने मधेच हात घालून मला घेतलं. "पंच एकटा जाणार नाही, नवनाथकाका."

शेडमध्ये झेंडूचा वास होता. सगळे कामगार ओळीने उभे होते. आण्णांनी ज्योतीरामला जवळ बोलावून विचारलं, आणि ज्योतीरामने सगळं सांगितलं. जयदीपने पुन्हा तेच तोंडपाठ म्हणून दाखवलं: एवढे ठोके, दहा आकडे, नऊ हजार.

"सर, एक विचारू?" वर्षाली म्हणाली. "एकपासून नव्व्याण्णवपर्यंत नंबर मारले, तर एकचा पंच किती वेळा उचलावा लागेल?"

"दहा," जयदीप म्हणाला.

"एक, अकरा, एकवीस, एकतीस..." नवनाथ बोटांवर मोजू लागला. "हे दहा झाले खरे. मग बारा, तेरा, चौदा कुणाच्या बापाचे, शेठ?"

हशा पिकला. जयदीपचे कान लाल झाले. "घाई नाही सर," वर्षाली गोड आवाजात म्हणाली. "बोटं आहेत ना तुमच्याकडे? कमी पडली तर नवनाथकाकांची घ्या."

मग ज्योतीराम पुढे झाला. त्याने टेबलावर आम्हाला ओळीने मांडलं आणि रविवारी फरशीवर सांगितलं तेच पंच उचलून, धरून, फिरवून दाखवलं. कामगारांना पहिल्याच वेळी कळलं. त्यांचे हात रोज तेच करत होते. पण जयदीप म्हणाला, "ही थिअरी आहे काका. कागदावर काहीही येतं."

"तर मग कागदच घ्या." वर्षालीने घडी घातलेलं पान आण्णांच्या हातात दिलं. "मी ही पेटी आजवर पाहिलेली नाही. या कागदावर मी लिहिलंय, की तिच्यातला आणखी कोणता पंच मेलाय. चुकलं तर माझे वडील चोर. तुमच्या ग्रुपवर मी माझ्या हाताने तसं लिहीन."

"वर्षाली!" ज्योतीराम ओरडला. त्याने सहा कधी निरखला नव्हता. पंधरा हजार हा चिठ्ठीचा आकडा. चिठ्ठी चुकली असली तर? एखादा पंच जास्त कडक निघाला तर? गणित चुकत नाही, पण पोलाद कधीकधी दगा देतं. मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी मीसुद्धा सहाला मनातल्या मनात म्हणत होतो, बाबा, झिजलेला अस.

"बघा सर. तुम्हीच बघा," वर्षाली म्हणाली आणि नवनाथने जयदीपच्या हातात भिंग दिलं.

त्याने शून्य उचलला, ठेवला. दोन, तीन, चार, पाच. कडा धारदार होत्या. मग सहा उचलला. भिंगाखाली धरला. फिरवला. पुन्हा धरला. 

"काय दिसतंय?" आण्णांनी विचारलं.

 "झिजलाय," जयदीप म्हणाला. "पोटात सगळा सपाट झालाय."

आण्णांनी पान उघडलं आणि चष्मा वर करून मोठ्याने वाचलं, "सहा. सोळा हजार." मग म्हणाले, "पोरी, सहाच का? मला न्हाई उमगलं."

ज्योतीरामने सहा घेतला आणि आण्णांच्या डोळ्यांपुढे हळूच उलटा केला.

"आयला!" नवनाथ म्हणाला, आणि कुणालाच आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही.

"माफी माग," आण्णा पुतण्याला म्हणाले. जयदीपने हात जोडले. "सॉरी, ज्योतीराम."

"इथं नाही," वर्षाली म्हणाली. "चोर म्हणालात ग्रुपवर. आता पण तिथंच. मी सांगते तसं लिहा: 'ज्योतीराम चोर नाही. मला मोजता आलं नाही, म्हणून मी त्याला चोर म्हटलं.'"

जयदीपने आण्णांकडे पाहिलं. आण्णांनी ज्योतीरामकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. वाटलं, तो गरीब माणूस आता म्हणेल, जाऊ द्या आण्णा, झालं ते झालं. तीन वर्षांत त्याने कुणाला उलटा शब्द बोललेला नव्हता. तो हळदीकुंकवाचं बोट माझ्या तोंडाला लावत होता. ते लावून झालं, मला खाचेत ठेवलं, आणि मग तो वळला.

"लिहा शेठ," तो म्हणाला. "दोन्ही वाक्यं लिहा."

जयदीपने लिहिलं. आण्णाही त्या ग्रुपवर होते, त्यांच्या खिशातला मोबाईल वाजला. मग तळवड्यातल्या दीडशे खिशांत तो वाजला असेल. त्या आवाजाइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही, हातोडीचा पहिला ठोकासुद्धा नाही.

आण्णांनी ज्योतीरामला परत बोलावलं. ज्योतीरामने त्यांच्या पाया पडून नाही म्हटलं. तो आता चाकणला एका शेडमध्ये नंबर मारतो. तिथल्या मालकाने तो मेसेज वाचून दुसऱ्याच दिवशी फोन केला होता. मला आण्णांनी वर्षालीला देऊन टाकलं. आणि तळवड्याला नवा माणूस मिळेपर्यंत नंबर मारायचं काम आण्णांनी जयदीपला लावलं. नवनाथ एकदा रुपीनगरात येऊन सांगून गेला, की पहिल्याच दिवशी शेठची हातोडी अंगठ्यावर बसली आणि नख काळंनिळं झालं. त्याने ते तीनदा सांगितलं. मी तिन्ही वेळा मन लावून ऐकलं.

मित्रांनो, मी आता काही कामाचा नाही. वर्षालीच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून पडून असतो. माझं मागणं मोठं नाही. एखादी वस्तू, एखादं माणूस इतरांच्या आधी झिजलेलं दिसलं, तर त्याच्यावर संशय घेण्याआधी त्याने किती ठोके खाल्ले ते मोजा. मोजायला जमत नसेल तर मागच्या पायरीपासून सुरू करा, ती प्रत्येकाला जमते. आणि मोजल्याशिवाय कुणाला चोर म्हणालात, तर लक्षात ठेवा, प्रत्येक पंच माफ करणारा नसतो. मी जयदीपला केलेलं नाही. तिकडे वीस हजारापासून पुढचे नंबर पडताहेत, आणि दोन त्याच्या डाव्या बोटात अडकून बसलाय. पुढचे दहा हजार नंबर होईपर्यंत तो खाली ठेवता येणार नाही, म्हणजे आता झिजायची पाळी दोनची. कुणी त्याला आधी सांगितलं तर सांगो. मी सांगणार नाही.